ज्यांची पुस्तके वाचली त्यांच्यापुढे बसताना

जून महिना जवळ आला की आपल्या मंडळ्यांतून एखाददुसरा तरुण धर्मशिक्षणासाठी घर सोडतो. उपासनेत त्याच्यासाठी प्रार्थना होते, भगिनी मंडळ वाटेसाठी फराळाचा डबा बांधून देते, आणि म्हातारी माणसे डोक्यावर हात ठेवून "पाळक होऊन ये" असे म्हणतात. यंदा आमच्या मंडळीतून असा एक मुलगा निघाला आहे. निघण्याच्या आठवड्यात एके संध्याकाळी तो आमच्याकडे आला. हातात वर्तमानपत्राचे कव्हर घातलेले एक पुस्तक होते. म्हणाला, "काका, हे ज्यांनी लिहिलं तेच आम्हांला पहिल्या वर्षी शिकवणार आहेत. मी चार वेळा वाचलंय हे. आता त्यांच्यासमोर बसायचं म्हटलं की भीती वाटते."

"कशाची रे भीती? परीक्षेची?"

"नाही. ते पुस्तकासारखे नसले तर?"

त्या वेळी आम्ही काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले. चहा झाला, प्रार्थना झाली, तो गेला. प्रश्न मात्र आमच्याकडेच राहिला.

तसा तो नवा नाही. करिंथ येथील मंडळीने तो दुसऱ्या टोकाकडून विचारला होता. पौलाची पत्रे वजनदार आणि जोरकस, पण माणूस समोर उभा राहिला म्हणजे अगदीच साधारण, बोलणेही दम नसलेले, असे तेथील काही जण म्हणत. हे आपणांस कळते ते पौलानेच करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या दहाव्या अध्यायात नोंदवून ठेवले म्हणून. बोल त्याला झोंबला असावा. त्याचे उत्तर असे की, दूर असताना पत्रांतून आम्ही जसे आहोत तसेच जवळ असताना कृतीतही असू. लेखणी हाती धरणाऱ्या किती जणांना हे वाक्य लिहिण्याचे धाडस होईल? आम्ही या मासिकात अधूनमधून चार पाने लिहितो, तेवढ्यासाठीही ते आम्हांला होत नाही.

कोणी म्हणतील, मुळात माणसाविषयी इतका आदर हवाच कशाला? गुरू एकच, तो ख्रिस्त. हे खरे आहे, आणि ते म्हणणारे सहसा कोणाचेच पुस्तक पूर्ण न वाचलेले असतात, हेही खरे आहे. देवाचे वचन आपल्यापर्यंत माणसांच्या तोंडून आणि माणसांच्या हातून आले. ज्या हाताने भाकर दिली त्या हाताकडे पोर ओढीने पाहते, त्यात मूर्तिपूजा नाही. प्रश्न तो हात मळका निघाला तर काय, हा आहे.

या बाबतीत कार्ल बार्थ यांचे उदाहरण आम्हांला फार दिवस सोबत करीत आले आहे. विसाव्या शतकातील प्रॉटेस्टंट धर्मविज्ञानात त्यांच्याएवढे मोठे नाव क्वचितच सापडेल. पण येथे आम्हांला हवा आहे तो विशीतला विद्यार्थी बार्थ. त्याचा जन्म १८८६ चा, स्वित्झर्लंडमधील बाझेल येथला. वडील फ्रिट्झ बार्थ हे बर्न येथे नव्या कराराचे प्राध्यापक, मताने जुन्या वळणाचे. मुलगा १९०६ साली शिकण्यास बर्लिनला गेला आणि तेथे त्याच्या हाती विल्हेल्म हेरमान यांचे नीतिशास्त्रावरील पुस्तक पडले. हेरमान जर्मनीतील मारबुर्ग येथे १८७९ पासून शिकवीत होते. बर्लिनला हार्नाकसारखा जगप्रसिद्ध विद्वान समोर असताना या मुलाचे मन मारबुर्गकडे धावू लागले. पुढे कित्येक वर्षांनी बार्थ यांनी सांगितले आहे की, धर्मविज्ञानाची खरीखुरी, स्वतःची अशी ओढ आपल्याला लागली ती त्या पुस्तकापासून.

वडिलांना हे पसंत नव्हते. मारबुर्ग म्हणजे उदारमतवाद्यांचे ठिकाण. त्यांनी मुलाला आधी ट्यूबिंगनला, श्लाटर यांच्या वर्गात पाठविले. बापाचा मान राखून तो गेला, पण मन काही तेथे रमले नाही. अखेर १९०८ च्या वसंतात तो मारबुर्गला पोहोचला. ज्यांचे पुस्तक दीड-दोन वर्षे उराशी धरले, त्यांच्या पुढ्यात बसला. आणि निराश झाला नाही! अंगाच्या रोमारोमांतून हेरमान यांना आपण आत घेतले, अशा अर्थाचे त्याने पुढे म्हटले आहे.

काय शिकवीत होते हेरमान? थोडक्यात सांगावयाचे तर असे की, विश्वास हा उसना घेता येत नाही. मंडळी म्हणते म्हणून, पुस्तक म्हणते म्हणून, गुरू म्हणतो म्हणून एखादी गोष्ट खरी मानणे म्हणजे विश्वास नव्हे. ती स्वतःशी केलेली लबाडी आहे. येशूचे अंतर्जीवन शुभवर्तमानातून माणसाला भेटते, त्याला नमविते, आणि तेथे विश्वास जन्मतो. या मतात उणे काय आहे ते आम्ही जाणतो. शास्त्रवचनाला त्यात पुरेशी जागा उरत नाही. पण त्यातली सचोटी पाहा. जो गुरू असे शिकवितो, तो आपल्या शिष्याच्या हाती आपल्याविरुद्धचेच हत्यार देऊन ठेवतो.

हेरमान यांच्या वर्गाची जादू केवळ बार्थवरच चालली असे नाही. बार्थच्या आधी, १९०५ मध्ये, अमेरिकेतील प्रिन्स्टनहून ग्रेशम मेचन नावाचा तरुण तेथे आला होता. कडक प्रेस्बिटेरियन शिक्षणात वाढलेला. हेरमान यांचे व्याख्यान ऐकून तो इतका भारावला की, या माणसावर टीका करण्याचे आपले धाडस होत नाही, त्याची ख्रिस्तावरील भक्ती आपल्याला लाजविते, अशा आशयाची पत्रे त्याने घरी लिहिली. हाच मेचन १९२३ साली उदारमतवादाविरुद्ध खणखणीत पुस्तक लिहून उभा राहिला. म्हणजे एकाच वर्गातून दोन माणसे निघाली, दोघांनीही गुरूचे मत टाकले, आणि त्यांचे आपापसांत मात्र कधीच जुळले नसते. असो.

आता १९१४. बार्थ २८ वर्षांचा झाला होता आणि झाफेनविल या खेड्यात, कापडधंद्याच्या कारखान्यांतील कामगारांच्या मंडळीत, पाळकाचे काम करीत होता. ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले. तटस्थ राहिलेल्या बेल्जियमवर जर्मन फौजा चालून गेल्या, लूवाँ शहर जाळले गेले, तेथील विद्यापीठाचे ग्रंथालय खाक झाले, नागरिकांना गोळ्या घालण्यात आल्या. ऑक्टोबरात जर्मनीतील ९३ विद्वानांच्या सह्यांचे एक पत्रक निघाले. हे खरे नाही, हे खरे नाही, असे सहा वेळा म्हणून त्यांनी आपल्या सरकारावरील व सैन्यावरील सारे आरोप झटकून टाकले. सह्यांत हार्नाक होते. आणि मारबुर्गचे विल्हेल्म हेरमान होते.

ज्यांनी स्वतः न पडताळलेले सत्य मानणे ही लबाडी होय असे शिकविले, त्यांनी स्वतः न पाहिलेल्या गोष्टीविषयी, सरकारच्या शब्दावर, "हे खरे नाही" म्हणून सही केली होती. बार्थला केवढा धक्का बसला हे त्याने आयुष्यभर पुन्हा पुन्हा सांगितले. आपले बहुतेक सारे गुरू त्या यादीत पाहून, त्यांच्या शिकवणुकीची इमारत मुळापासून हलली असे त्याला वाटले.

परंतु धक्का बसला हे सर्वांना ठाऊक असते. त्यानंतर त्याने काय केले, इकडे थोडे कमी लक्ष जाते. १९१४ च्या नोव्हेंबरात त्याने हेरमान यांना पत्र लिहिले. तुम्ही आम्हांला अनुभवाला मान देण्यास शिकविलेत. आता जर्मन ख्रिस्ती लोक युद्ध हाच एक पवित्र अनुभव असल्याचे सांगत आहेत. तर यावर तुमचे म्हणणे काय, असा त्या पत्राचा रोख होता. ६७ वर्षांच्या नामांकित गुरूला एका खेडेगावच्या पाळकाने त्यांच्याच शब्दांत धरून विचारले. पाठ फिरविली नाही. शिव्याही दिल्या नाहीत.

येथे आम्हांला आमची गोष्ट सांगणे भाग आहे. ती सांगण्याजोगी नाही, म्हणूनच सांगतो.

डिप्लोमा करीत असताना आम्हांलाही असे एक लेखक गुरू म्हणून लाभणार होते. त्यांचे नाव येथे नको. ते आता हयात नाहीत. त्यांचे लेख मासिकांतून कापून आम्ही एका जुन्या हिशेबाच्या वहीत खळीने चिकटवून ठेवले होते. ते दुसऱ्या वर्षी ईयोबाचे पुस्तक शिकविण्यास आले. आवाज बारीक, दृष्टी कागदावर, पण काय शिकवीत! एकतिसाव्या अध्यायात ईयोब आपल्या दासदासींविषयी बोलतो. त्यांचा न्याय मी डावलला असेल तर देवापुढे मी काय उत्तर देऊ, ज्याने मला गर्भात घडविले त्यानेच त्यांनाही घडविले ना, असे तो म्हणतो. त्या तीन वचनांवर त्यांनी पूर्ण तास घेतला. आम्ही सात पाने टिपण केले.

पुढच्याच आठवड्यात, मेसमध्ये, चहा गार आला म्हणून त्यांनी वाढणाऱ्या बाईंना सर्वांदेखत झोडपले. आणि बोलता बोलता त्यांची जात काढली. ख्रिस्ती शाळेच्या मेसमध्ये, ख्रिस्ती बाईंची जात. बाई कप उचलून आत गेल्या. आम्ही वीस-बावीस जण खाली पाहून पोहे खात राहिलो.

त्या दिवसापासून आम्ही त्यांचे ऐकणे सोडले. वर्गात बसत होतो, वहीत रेघोट्या मारीत होतो. सुट्टीत घरी आल्यावर ती चिकटवलेली वही बंबात घातली. आपण फार तत्त्वनिष्ठ वागलो असे आम्हांला कित्येक वर्षे वाटत होते. आमचा आदर्श भंगला, आमची फसवणूक झाली, आमचे मन मोडले! या "आमचे आमचे"मध्ये एक गोष्ट कधी सुचलीच नाही, ती म्हणजे त्या बाईंकडे जाऊन दोन शब्द बोलणे. अपमान त्यांचा झाला होता. आम्ही मात्र तो स्वतःचा करून घेतला आणि त्याचे दुःख आरामात भोगत बसलो. आणि ती सात पाने आमच्याच पिशवीत होती. त्यांच्या खोलीत जाऊन, ती पुढे ठेवून, "सर, हे तुम्ही शिकवलंत" एवढे म्हणावयाचे होते. गुण कमी पडले असते कदाचित. आम्ही गेलो नाही. जो शिष्य गुरूचा धडा इतका खरा मानतो की त्याच धड्याने गुरूलाही मापतो, तोच आदर करणारा. आम्ही केला तो आदर नव्हता, ती नुसती हौस होती. म्हणून ती एका कपभर चहात विरघळली.

बरे, वाईट वागणाऱ्याने सांगितलेले खरे, खरेच राहते का? प्रभू येशूचे या बाबतीतले सांगणे मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात आहे. मोशेच्या आसनावर बसलेले जे सांगतील ते पाळा, पण त्यांच्यासारखे वागू नका. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेतील मंडळी याच प्रश्नावरून फुटली. छळाच्या काळात ज्या धर्माध्यक्षांनी भिऊन पवित्र ग्रंथ अधिकाऱ्यांच्या हवाली केले, त्यांच्या हातचे संस्कार बाद, असे दोनातुसचे अनुयायी म्हणत. ऑगस्टीनने उत्तर दिले की बाप्तिस्मा देणाऱ्याचा नसतो, ख्रिस्ताचा असतो. मंडळीने हे मान्य केले, आणि ते योग्यच झाले. नाहीतर आपल्यापैकी कोणाचा बाप्तिस्मा टिकला असता?

तरीही एक गोष्ट आम्हांला खुपते. धन मातीच्या भांड्यांत आहे, हे वचन भांड्याची बाजू घेणारेच फार वेळा म्हणताना ऐकू येते. भांड्याच्या फुटक्या काठाने ज्याचा हात कापला, त्याला ते कोणी म्हणू देत नाही. वचन खरे आहे, पण ते उच्चारण्याआधी कापलेल्या हाताला पट्टी बांधावी. याकोबाने तर बजावूनच ठेवले आहे की शिक्षक होणाऱ्यांचा न्याय अधिक कडक होईल. धडा खरा राहतो म्हणून शिक्षक सुटत नाही.

हे बार्थ यांनाही लागू करावे लागते. हेरमान यांना जाब विचारणारा तो तरुण पुढे स्वतः लेखक झाला, गुरू झाला. रोमकरांस पत्रावरील त्यांच्या पुस्तकाने, विशेषतः त्याच्या १९२२ च्या दुसऱ्या आवृत्तीने, युरोपभरच्या तरुणांची झोप उडविली. नाझी राजवटीपुढे मंडळीने मान तुकवू नये यासाठी १९३४ साली बार्मेन येथे जे जाहीर निवेदन झाले, त्याचा मसुदा मुख्यतः त्यांचा. त्यांची पुस्तके वाचून लांबून विद्यार्थी येत. आणि याच बार्थ यांच्या घरी १९२९ पासून त्यांच्या सहकारी शार्लोट फॉन किर्शबाउम राहावयास आल्या. दोघांचे एकमेकांवर प्रेम होते, आणि पत्नी नेली व पाच मुले त्याच घरात होती. दोघांची पत्रे जर्मन भाषेत २००८ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा जगभरच्या बार्थ-भक्तांना मोठा धक्का बसला. काहींनी त्यांचे ग्रंथ मिटून ठेवले. काहींनी पत्रेच मिटून ठेवली. हेरमान यांच्या सहीविषयी बोलणाऱ्याने या घराविषयी गप्प बसू नये असे आम्हांला वाटते. आणि बोलताना आपल्या मोडलेल्या मनाविषयी कमी, नेलीबाईंविषयी जास्त बोलावे.

मग हेरमान यांचे पुढे काय झाले? ते १९२२ साली वारले. १९२५ मध्ये, म्हणजे ज्या वेळी त्यांना नावे ठेवणे सोपे व प्रतिष्ठेचे होते अशा वेळी, बार्थ यांनी त्यांच्या शिकवणुकीवर एक मोठे व्याख्यान दिले. त्यात त्यांनी कबूल केले की एक मूलभूत सत्य आपण हेरमान यांच्याकडून ऐकले. ते शेवटपर्यंत नेताना बाकीचे जवळजवळ सर्व वेगळे म्हणावे लागले, अगदी त्या सत्याचा अर्थसुद्धा. पण ते दाखविले त्यांनीच. पत्रकावर सही करणाऱ्या गुरूचे ऋण आकडा न चोरता मांडणे, हे त्याला पत्र लिहिण्यापेक्षाही कठीण असावे.

दीट्रिख बॉनहोफर हे नाव वाचकांना परिचित आहे. हिटलरच्या काळात ज्यांना फाशी झाले तेच. बर्लिनमध्ये विद्यार्थी असतानाच ते बार्थ यांचे वाचक झाले होते, आणि १९३१ च्या जुलैत, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, तीन आठवड्यांसाठी बॉनला त्यांच्या वर्गात जाऊन बसले. तेथून त्यांनी मित्राला कळविले की हा माणूस आपल्या पुस्तकांच्याही पलीकडचा आहे. आमच्या मुलाने हे वाचले तर त्याला धीर येईल. मात्र पुढचेही वाचावे. १९३३ मध्ये बॉनहोफर लंडनला पाळक म्हणून गेले, तेव्हा बार्थ यांनी त्यांना खरमरीत पत्र लिहून पुढच्याच जहाजाने बर्लिनला परत येण्यास सांगितले. बॉनहोफर त्या जहाजाने आले नाहीत. १९४४ साली तुरुंगातून लिहिलेल्या पत्रांत त्यांनी बार्थ यांच्या विचारांवर स्पष्ट टीकाही केली. तरी दोघांत अबोला झाला नाही.

गेल्या रविवारी उपासनेनंतर तो मुलगा पुन्हा भेटला. हे सारे त्याला सांगत बसणे शक्य नव्हते. बाहेर रिक्षा उभी होती, आणि त्याची आई सामानाची यादी म्हणत होती. आम्ही एवढेच सांगितले की, सर पुस्तकासारखे असले तर देवाचे आभार मान, आणि नसले तर त्यांच्याच पुस्तकाचे पान काढून त्यांना एकट्याने जाऊन विचार. आणि त्या दिवशी त्यांनी कोणाला दुखावले असेल, तर आधी त्या माणसाकडे जा.

तो हसला. मग पुस्तक काढून म्हणाला, "काका, पहिल्या पानावर सरांची सही घेणार आहे मी." आम्ही पुस्तक हातात घेऊन चाळले. समासात त्याने पेन्सिलीने काही ठिकाणी प्रश्नचिन्हे केली होती. पहिल्या दोन-तीन ठिकाणी ती खोडल्याचे डाग दिसत होते. विचारले, तर लाजून म्हणाला, "सही देताना त्यांना दिसली तर बरं दिसत नाही ना."

आम्ही त्याचा खोडरबर मागून घेतला. बाकीची चिन्हे अजून शाबूत होती.